चौथा पाइप

भिंगरीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली आजवर कुणी पाहिलीच नव्हती. जेवायला बसली तरी तिचा एक गुडघा हलत असायचा. त्यात नववीत आल्यापासून तिच्या अंगात नवंच वारं शिरलं होतं. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करायचा, दुकानदाराशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं, आणि जगात आपल्याला जमणार नाही असं काही नाहीच असं समजून चालायचं. भूमितीचा पेपर सोडून.

असाच हात वर करून तिने ससा घरी आणला. शास्त्राच्या बाईंची बदली झाली होती आणि प्रयोगशाळेतला ससा कोण सांभाळेल असं त्यांनी वर्गात विचारलं. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत भिंगरीचा हात वर. ससा काळा कुळकुळीत, गळ्याखाली मात्र दोन पांढरे पट्टे, कोर्टातल्या वकिलांसारखे. म्हणून त्याचं नाव वकील. वागणंही तसंच. कुणी रागावलं तर पाठ फिरवून बसायचा, आणि गुन्हा करताना सापडला तर इतक्या शांतपणे बघायचा की आपणच माफी मागावी.

गुन्हे पुष्कळ होते. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. वकील जिन्याने उतरून त्यांच्या कुंड्या साफ करून यायचा. दोनदा त्यांनी सोडून दिलं. तिसऱ्यांदा त्याने त्यांच्या शिलाई मशीनची वायर कुरतडली, तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. रविवारी दुपारी बाराला मी वर येणार, म्हणाल्या. ससा पिंजऱ्यात दिसला तर माझं काही म्हणणं नाही. नाही दिसला तर तो माझ्या भावाच्या गोदामावर जाईल. तिथे तीन कुत्री आहेत, ती त्याचं बघून घेतील.

तो दिवस सोमवारचा.

भिंगरीच्या डोक्यात तेव्हाच पिंजरा उभा राहिला. लोखंडाचा नाही, लाकडाचाही नाही, लाकूड तर हा पठ्ठ्या दोन दिवसांत खाऊन टाकेल. पाइपचा. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपची चौकट, तीन तोंडांचे कोपरे, चारी बाजूंनी तारेची जाळी. वरून उघडा, कारण शास्त्राच्या बाईंनी जाताना कागदावर लिहून दिलं होतं की भिंत अडीच फुटांहून कमी नको, तेवढी असली की हा उडी मारत नाही. कोपरे आणि जोड आईच्या अवजारांच्या पेटीत ढिगाने होते. आणि पाइप होते मागच्या गॅलरीत.

इथे थोडं थांबून आईचं सांगायला हवं. भिंगरीची आई नळकाम करायची. कुणाच्या घरी गेली की लोक तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारायचे, मिस्त्री कुठे आहे? आई म्हणायची, मिस्त्री आलीय, टाकी कुठे आहे ते दाखवा. पाइप जोडायच्या आधी ती त्यातून फुंकून बघायची, कारण आत मातीचं ढेकूळ किंवा गांधीलमाशीचं घर राहिलं तर नंतर सगळी लाइन खोलत बसावं लागतं. भिंगरी चार वर्षांची असल्यापासून तिचं काम ठरलेलं होतं. दुसऱ्या टोकाला तळहात लावून बसायचं. आई फुंकायची आणि विचारायची, आला का वारा? आला, म्हणून ही ओरडायची. मग आई आणखी एक बारीकशी फुंकर मारायची, उगीचच. पहिली कामाची, दुसरी तुझी, म्हणायची.

दीड वर्षापूर्वी आठ दिवसांच्या तापात आई गेली. तेव्हापासून गॅलरीच्या कोपऱ्यात चार लांब पाइप भिंतीला टेकून उभे होते. बाबांनी त्यांच्यावर जुनी चादर टाकली होती आणि त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. तसे बाबा कशाबद्दलच फारसे बोलत नसत. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, दिवसभर केसाएवढ्या फरकांशी गाठ, आणि संध्याकाळी घरी यायचे ते जणू शब्दसुद्धा घासून घासून बारीक करून.

म्हणून सोमवारी रात्री जेवताना भिंगरीने पाइप मागितले, तेव्हा तिचा गुडघा पहिल्यांदाच हलायचा थांबला होता. बाबांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

"तीन घे," ते म्हणाले. "भिंतीकडचा ठेव."

का ते तिने विचारलं नाही. तीन पुरणारच होते. एकातून तळ, दुसऱ्यातून वरची चौकट, तिसऱ्यातून चार खांब. तिने हिशेब वहीत नाही, हवेत बोट फिरवून केला.

मंगळवारी शाळेतून आल्या आल्या तिने चादर बाजूला केली आणि पहिला पाइप गॅलरीच्या फरशीवर आडवा ठेवला. वकील दारात बसून देखरेख करत होता. तिने आईसारखं पाइपला तोंड लावलं आणि फुंकलं. दुसऱ्या टोकाने धूळ उडाली, एक वाळका कोळी पडला. मग तिला स्वतःचंच हसू आलं, कारण पलीकडे हात धरायला कुणी नव्हतं. आपणच जाऊन बसावं, म्हणून ती त्या टोकाशी गेली आणि गंमत म्हणून तळहात लावला.

वारा आला.

एक लांब. आणि लगेच मागोमाग एक बारीकसा.

तिने हात असा मागे घेतला जसा तापल्या तव्यावरून घ्यावा. पाइप फरशीवर खडखडला. दारात वकिलाने मागचा पाय धाडकन आपटला, ससे धोका दिसला की आपटतात तसा, आणि कान ताठ करून पाइपच्या त्या दुसऱ्या, रिकाम्या टोकाकडे बघत राहिला.

आता भिंगरी म्हणजे काही रडूबाई नव्हे. तिने आधी गॅलरीच्या काचा तपासल्या. बंद होत्या. बोट ओलं करून हवेत धरलं. कुठून काही नाही. मग ती सरळ आत गेली, दोन पेले पाणी प्यायली, दिवाणावर बसली, उठली, पुन्हा बसली. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. ती परत गॅलरीत गेली आणि तळहात लावला.

एक लांब, एक बारीक. कोमट. सकाळच्या चहानंतर आईचा श्वास असायचा तसा.

त्या दिवशी गृहपाठ झाला नाही. अंधार पडेपर्यंत ती तशीच बसून होती. भिंगरी, एका जागी. बाबा यायच्या वेळेला तिने दिवा लावला, डोळे पुसले आणि आईचा पाइप कापायचा हॅक्सॉ हातात घेतला, कारण रविवार काही थांबणार नव्हता. आईच्या मापाच्या काठीवर अर्ध्या अर्ध्या फुटाला खाचा होत्या. त्या बघून तिने खुणा केल्या आणि पाइप कापला. पांढरा भुसा पडला, बाकी काही झालं नाही. मग तिने एकेक तुकडा उचलून त्याच्या टोकाला हात लावला.

काही नाही. नुसतं प्लास्टिक.

पण मागे अजून तीन उभे होते. तिने चादर उचलून एकेकाच्या खालच्या टोकाशी हात घातला, आणि तिन्हींनी तिच्या तळहातावर फुंकलं.

यापुढचं कोडं कुणालाही कळेल. पाइप कापला की वारा जातो. पाइप नाही कापला तर वकील जातो. बुधवारी तिने दुसरा पाइप काढला, आणि कापायच्या आधी त्याच्याशी बोलून घेतलं. म्हणजे पाइपशी नाही, पण समजा पाइपशीच. शाळेत नाटकात घेतलं ते सांगितलं, भूमितीचे मार्क सांगितले, बाबा संध्याकाळी दिवा न लावता बसतात ते सांगितलं. प्रत्येक गोष्टीनंतर हात लावायची. उत्तर एकच यायचं, लांब आणि बारीक, पण आईचीही उत्तरं काही फार वेगवेगळी नसायची. मग तिने डोळे मिटून हॅक्सॉ चालवला. गुरुवारी तिसरा. त्या वेळी मात्र ती बोललीही नाही, कारण बोललं की कापवत नाही हे तिला कळून चुकलं होतं. उरलेल्या तुकड्यांची तिने चारा ठेवायची घोडी केली आणि चिकटवायचं सोल्युशन लावून पक्की करून टाकली.

रोज वकील दारात बसून पाय आपटायचा, आणि कापून झालं की गप्प व्हायचा.

तिने बाबांना काही सांगितलं नाही. आधीच ते अर्धे घरात, अर्धे कुठेतरी. त्यांना सांगून त्यांच्या जिवाला नवा घोर कशाला? शिवाय चौथा होताच. चौथ्याला हात लावायचा नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. ससा आपला, आईचा एक पाइपही आपला, असा सगळा सौदा मनासारखा जुळला म्हणून शुक्रवारी ती गाणं म्हणत जाळी बांधत होती. शनिवारी नाटकाची तालीम होती, ती करून आली. चौकट तेवढी उभी करायची राहिली होती, ती तर पाच मिनिटांचं काम.

रविवारी सकाळी आठ वाजता तिने ती पाच मिनिटांत उभी केली. वकिलाला आत सोडलं. वकीलसाहेबांनी चारी कोपऱ्यांत जाऊन हुंगलं, मध्यभागी आले, जरा मागे सरले, आणि मोठ्या कोर्टात मुद्दा मांडावा तसे वर झाले. वरच्या दांड्याला पोट घासत बाहेर.

तिने त्याला पुन्हा आत टाकलं. तो पुन्हा बाहेर.

तिने आईची काठी उभी धरली, आणि मग तिला दिसलं. भिंत अडीच फूट नव्हतीच. दोन बोटं कमी होती. पाइप कोपऱ्याच्या जोडात एक बोट आत जातो, वर एक आणि खाली एक. आईचं माप नेहमी बोट धरून असतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आई अभिमानाने सांगायची ते. म्हणून भिंगरीला वाटलं होतं की ते जास्तीचं बोट काठीवरच्या खाचांत आधीच धरलेलं आहे. ते नव्हतं. आई खूण करताना दर वेळी काठीच्या टोकाशी आपलं बोट आडवं ठेवायची आणि त्याच्या पलीकडे पेन्सिल ओढायची. बोट काठीवर नव्हतं, आईच्या हाताला होतं.

आता उपाय एकच, वरून जाळीचं झाकण. झाकणाला चौकट हवी. चौकटीला पाइप हवा. रविवारी दुकानं बंद. चार तास उरले होते.

ती गॅलरीत पळाली, आणि दारातच थांबली. बाबा तिथे होते. दुकान नसलं तरी ते रोजच्या वेळेला रोजच्यासारखे कोपऱ्यात उभे होते. रोज सकाळी खांद्याला पिशवी लावून ते तिथे दोन मिनिटं थांबायचे, आणि तिला वाटायचं की ते आभाळ बघतात. त्यांचं आभाळाकडे लक्ष नव्हतं. ते जरा वाकले होते, चादरीच्या खाली त्यांचा हात होता, आणि त्यांनी डोळे मिटले होते.

तिने काय झालं ते सांगितलं. उंची, दोन बोटं, झाकण. बाबांनी हात बाहेर काढला आणि खिशात घातला, चोरी लपवावी तसा. ते म्हणाले, ससा देऊन टाकू. भिंगरी म्हणाली, कुणाला, कुत्र्यांना? ते म्हणाले, मी बोलतो मालकीणबाईंशी. ती म्हणाली, दोनदा बोलून झालंय, बाबा. मग तिने त्यांच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं.

"येतो का वारा?" तिने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिला वाटलं आता ते ओरडणार.

"एक लांब," ते म्हणाले. "एक बारीक."

भिंगरी खाली फरशीवरच बसली. बाबाही हळूहळू भिंतीला पाठ घासत खाली बसले. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं पाइपात पाल आहे, असं त्यांनी सांगितलं. तिला वाटलं होतं कोळी. त्यांनी तिला सांगितलं नव्हतं, कारण पोर घाबरेल. तिने सांगितलं नव्हतं, कारण बाबा खचतील. दीड वर्ष बाबा या एका पाइपला रोज सकाळी हात लावत होते, आणि मंगळवारपासून तीन दिवस ती त्याच गॅलरीत त्यांच्यापासून चोरून हेच करत होती.

"तू कधी या पाइपला हात लावलास?" त्यांनी विचारलं.

"याला एकदाच. पण बाकीच्या तिघांना."

"बाकीच्यांना?"

तेव्हा तिला कळलं की बाबांना माहीतच नव्हतं. त्यांनी कायम भिंतीकडच्यालाच हात लावला होता. बाकीचे त्यांच्या लेखी नुसते पाइप होते, म्हणून तर त्यांनी इतक्या सहज देऊन टाकले.

"तिघांतही होता, बाबा. कापला की जायचा. मला कळलं होतं, तरी कापले. वाटलं, चौथा आहे."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, पुन्हा काढला. आतल्या खोलीत वकील उभ्या केलेल्या चौकटीभोवती फिरत होता. घड्याळात नऊ वाजून गेले. भिंगरीला रडू येत होतं, पण कुणासाठी ते ठरत नव्हतं.

"हे पाइप सशासाठी नव्हते आणलेले तिने," बाबा म्हणाले. आवाजात राग होता, पण कुणावर ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"मग कशासाठी?"

"मालकीणबाईंची वरच्या टाकीची लाइन बदलायची होती. सोमवारी कापणार होती. रविवारी ताप आला."

भिंगरी पाइपकडे बघत राहिली. "म्हणजे कापायलाच आणले होते," ती म्हणाली.

ती काही हुशारी दाखवायला म्हणाली नव्हती. तोंडातून निघून गेलं. पण बाबा उठले. त्यांनी चादर काढली, तिची नीट घडी केली, पाइप दोन्ही हातांनी उचलून फरशीवर आडवा ठेवला. एका टोकाशी ते बसले आणि त्यांनी तळहात लावला. दुसऱ्या टोकाशी तिला बस म्हणाले. तिने आपला तळहात लावला. आता दोन्ही तोंडं बंद होती. हवा बाहेरून आत जायला कुठेच वाट नव्हती.

थोडा वेळ काही झालं नाही. मग दोघांच्याही हातावर एकदमच आलं. लांब. भिंगरीने बाबांकडे पाहिलं, बाबांनी तिच्याकडे. आणि मग बारीकसं. ते कुणाला आलं, हे त्यांनी एकमेकांना विचारलं नाही.

मापं बाबांनी घेतली. आईची काठी ठेवली, टोकाशी बोट आडवं धरलं, आणि थबकले. त्यांचं बोट जाड होतं, आईचं बारीक. त्यांनी ते बोट काढून करंगळी लावली आणि तिच्या पलीकडे खूण केली. चार तुकड्यांच्या आठ टोकांना आठ खुणा, आठही वेळा करंगळी. भिंगरीने हॅक्सॉ चालवला, बाबांनी पाइप धरला. पातं पहिल्यांदा आत गेलं तेव्हा वकील दाराशी आला होता. त्याने पाय आपटला नाही. नुसता बसून राहिला, भुसा पडताना बघत.

कापलेल्या तुकड्यांना दोघांपैकी कुणीही हात लावून पाहिलं नाही. लगेच कोपरे बसवले, एकामागून एक. शेवटचा जोड राहिला तेव्हा बाबा म्हणाले की हे एक तोंड उघडं ठेवायचं का? भिंगरीने विचार केला. खूप विचार केला, म्हणजे तिच्या मानाने. उघड्या तोंडाची चौकट हलणार, आणि हलली की वकील नाक घालून उचकटणार. आणि आईने तर आयुष्यात एकही लाइन उघडी सोडून काम संपलं म्हटलं नव्हतं. तिने कोपरा लावला आणि तळहाताने ठोकून आत बसवला. जाताना त्याच्या कडेने फुस्स करून थोडी हवा निघाली, तिच्या मनगटावर. बंद चौकटीत शेवटचा तुकडा घुसवला की हवा निघतेच. भौतिकशास्त्रात आहे ते.

बाराला पाच कमी असताना मालकीणबाई वर आल्या. वेळेच्या पक्क्या. त्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, जाळी ओढून पाहिली, वाकून वकिलाकडे बघितलं. वकिलाने त्यांच्याकडे पाठ केली. कुणी केलं हे, असं त्यांनी विचारलं, आणि भिंगरीचं ‘आम्ही दोघांनी’ हे उत्तर ऐकून बाबांकडे जरा नव्याने पाहिलं. मग म्हणाल्या की ठीक आहे, राहू दे, पण जिन्यात दिसला तर बघा. झाकण घट्ट बसतं ना, म्हणत त्यांनी वरच्या चौकटीवर हात टेकला.

आणि काढून घेतला.

"हा पाइप गरम कसा लागतोय गं?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे.

"उन्हात ठेवला होता," दोघेही एकदमच म्हणाले.

मालकीणबाईंनी मान डोलावली, आणि आपला तळहात एकदा पदराला पुसून जिना उतरून गेल्या. त्या गॅलरीत ऊन चारच्या पुढे यायचं. आत्ता कुठे बारा वाजत होते.